पाठमोरी मुलगी

एक

पालेकोंडच्या शाळेच्या पडवीत चौदा मुलींना भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसवलं. प्रत्येकीच्या मांडीवर एक गोधडी पसरली आणि हातात सुई दिली. तालुक्याहून आलेले दोन साहेब आणि एक बाई मोबाइलवरचा फोटो समोर धरून एकेकीच्या पाठीमागे थांबत होते. फोटोतली मुलगी पाठमोरी होती. दोन वेण्या, अंगात परकर-पोलकं, मांडीवर गोधडी, हातात सुई. चेहरा दिसत नव्हता, म्हणून वेण्या जुळवून बघायच्या होत्या.

नवव्या मुलीमागे तिघं थांबले. बाईंनी तिच्या दोन्ही वेण्या खालून वर बघितल्या आणि म्हणाल्या, "हीच."

तेजस्वी खोपटकर, वय अकरा, इयत्ता सहावी. तिची आई स्मिता ही गावातल्या गोधड्या शिवणाऱ्या अडतीस बायकांच्या गटाची प्रमुख. म्हणजे आईनेच पोटच्या पोरीला कामाला जुंपलं, असा कागद झाला. तेजस्वीला जिल्ह्याच्या गावी बालगृहात नेलं. सतरा दिवसांनी परत पाठवलं तेव्हा उवा झाल्या म्हणून तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. घरात कुणी सुई हातात घेतली की ती उठून परसात जाऊन बसायची.

हा फोटो एका निनावी पत्राबरोबर युरोपातल्या एका संस्थेकडे गेला होता आणि तिथून तालुक्याच्या कचेरीत आला होता. कारागिराला रास्त दाम आणि कायमचं काम देणाऱ्या, मुलांना राबवून घेतलेला माल न विकणाऱ्या दुकानांना ही संस्था आपला शिक्का देते. पालेकोंडच्या गोधड्या ज्या दुकानात जात, ते बहारीनच्या झिंज भागातलं 'ओंजळ' अशा शिक्क्याचं दुकान होतं. पत्र पोचल्यावर आठ दिवसांत ओंजळच्या मालकीण इरावती भागवत यांनी दुकान बंद केलं. 'ज्यांना मी बहिणी मानलं त्यांनीच मला फसवलं,' असं त्यांनी फेसबुकवर लिहिलं. खाली शेकडो लोकांनी त्यांना धीर दिला.

बातमी फुटली तशी पुण्या-मुंबईच्या दोन दुकानांनीही पालेकोंडचा माल नाकारला. आठ वर्षांत उभं राहिलेलं काम महिन्याभरात बसलं.

आणि गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला. तिचं नाव आबिदा.

दोन

आबिदा पालेकोंडचीच. नवरा बहारीनच्या बंदरात क्रेन चालवायचा, चार वर्षांपूर्वी हृदय बंद पडून गेला. इरावतीबाईंनी तिला ओंजळमध्ये कामाला घेतलं, तिचा व्हिसा आपल्या कंपनीवर काढला. गावातून आलेली गोधडी धुवायची, इस्त्री करायची, कोपऱ्यात ओंजळचं नाव विणलेली कापडी पट्टी शिवायची, हे तिचं काम. त्याच्याही आधी, नवरा असताना, गावच्या बायकांना हे दुकान मिळवून दिलं होतं तिनेच. आता गाव म्हणत होतं, दोन्हीकडचं फक्त आबिदालाच ठाऊक, म्हणजे पत्र तिनेच लिहिलं असणार. तिच्या म्हाताऱ्या आईच्या दारात कुणी पाऊल ठेवत नव्हतं. दूधवालीने रतीब बंद केला.

आबिदा शुक्रवारी दुपारी बहारीनमध्येच राहणाऱ्या आपल्या मामांकडे आली. जमालुद्दीन मुकादम, वय त्रेसष्ट. बंदरातला माल सोडवून देणाऱ्या मनामाच्या एका एजन्सीत ते बत्तीस वर्षं क्लार्क. खोक्यावर लिहिलेलं आणि खोक्यात असलेलं यांतला फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कस्टमचे अरब साहेब अडलं की त्यांनाच हाक मारत.

"मामू, मला बाकी काय नको," आबिदा म्हणाली. "आईला मरायच्या आधी कळू दे, की मी नाय केला हे."

स्मिताने आबिदाशी बोलणं सोडलं होतं, म्हणून फोन जमालुद्दीननी लावला. फोटो त्यांच्यापुढे टेबलावर होता. साहेबांनी दिलेल्या कागदाची काळी-पांढरी प्रत स्मिताने पाठवली होती; मुलीची पाठ आणि वेण्या तिच्यात नुसत्या काळ्या आल्या होत्या.

"भाऊ, मी साहेबांना सगळा सांगितला," स्मिता म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "आमच्यात आता परकर कोण नेसत नाय. पोरी लेगिंग घालतात. साहेब म्हणाला, घरात नेसवत असाल. मी म्हटलं, ही गोधडी पुरी झालेली हाय. आम्ही कडेकडून आत शिवत येतो, शेवटाला मधला चौकोन मिटतो. फोटोत तो मिटलाय. मग पोरगी सुई घेऊन काय शिवते? तर म्हणे, उसवली असेल."

"आणखी काही खटकलं?"

"कोपऱ्यात पांढरा ठिगळ हाय, तिरका. आम्ही ठिगळ कधी लावत नाय."

"ओंजळची पट्टी असेल."

"नाय. फेब्रुवारीत त्या दुकानातला इमाद आला होता, तिथली एक गोधडी दाखवायला घेऊन. तिला वरच्या कडेला सरळ, बारीक पट्टी होती. हे तसला नाय."

जमालुद्दीननी फोन ठेवला आणि फोटो आबिदापुढे सरकवला. तिने तो आजवर बघितला नव्हता. इरावतीबाईंनी दुकानात कुणालाच दाखवला नव्हता.

"तिरकी पट्टी कोण लावतं?"

आबिदाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "मीच. नव्या पट्ट्या ऑगस्टच्या शेवटाला आल्या. त्या रुंद होत्या, सरळ लावल्या की चुणी पडायची. म्हणून मी कोपऱ्यात तिरक्या लावायला लागले."

"त्यानंतर इथून कुणी गावाला गेलं? एखादी गोधडी परत पाठवली?"

"कोण नाय. एकही नाय."

"ओंजळच्या मालाचे कागद माझ्याच हातून जातात. गेली असती तर मला कळलं असतं." जमालुद्दीननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आबिदा, हा फोटो पालेकोंडला काढलेलाच नाही. इथे काढलाय. बहारीनमध्ये."

आबिदाने फोटो पुन्हा उचलला. "मग ही पोरगी कुणाची?"

तीन

ओंजळची किल्ली तिघांकडे असायची. मालकीण इरावतीबाई, त्यांचा भागीदार मयुरेश आणि दुकान सांभाळणारा इमाद. यांपैकी गावावर उघड राग होता एकट्या इमादचा.

इमाद श्रीवर्धनचा. आता तो एका वाहतूकदाराची व्हॅन चालवत होता. जमालुद्दीनना तो ईसा टाउनच्या बाजारात भेटला, पडदे आणि चादरींच्या दुकानांमागे, व्हॅनच्या सावलीत कडक, दुधाळ करक चहा पीत.

"माझ्या आईचा पण गट होता, चाचा," तो म्हणाला. "बारा बायका. बाईंनी टाके मोठे आहेत म्हणून काम काढून घेतलं आणि सगळं पालेकोंडला दिलं. आई तीन महिने बोलली नाही माझ्याशी. पालेकोंडचं काम गेल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

"पत्र तू लिहिलंस?"

"नाही." त्याने पेला खाली ठेवला. "लिहिलं असतं तर टाक्यांबद्दल लिहिलं असतं. फेब्रुवारीत मी स्मितावहिनींकडे जेवलोय. त्या पोरीने मला पाणी आणून दिलं होतं. तिचे केस कापल्याचं ऐकलं त्या दिवशी जेवण गेलं नाही मला."

"सप्टेंबरात तू दुकानात केव्हा असायचास?"

"सकाळी आठ ते एक. मग व्हॅन घेऊन डिलिव्हरीला. संध्याकाळी परस्पर घरी. दुपारी बाई असायच्या आणि मागच्या खोलीत आबिदाबाजी. तिची मुलगी लाईबा शाळेच्या बसमधून दुकानाशीच उतरायची, आई सुटेपर्यंत तिथेच अभ्यास करायची."

जमालुद्दीन निघाले, तेवढ्यात इमाद म्हणाला, "चाचा, एक विचारू? दुकान बंद झालं, काम खलास. मग बाई झल्लाकच्या रिसॉर्टला गोधड्या कशा देतात?"

"कुठल्या गोधड्या?"

"गेल्या महिन्यात मीच टाकून आलो. चाळीस खोकी. नक्षी पालेकोंडचीच, पण हाताची नाही, मशिनची. टाका बघितला की कळतं." त्याने व्हॅनच्या कप्प्यातून चुरगळलेला कागद काढला. मालाबरोबर आलेली खोक्यांची यादी होती. माल घेणारी कंपनी नवी, सही इरावती भागवत यांची.

जमालुद्दीननी सवयीने आधी तारीख बघितली. कारखान्यात माल बांधून तयार झाल्याची तारीख होती चार सप्टेंबर.

निनावी पत्र गेलं होतं वीस सप्टेंबरला. म्हणजे बहिणींनी फसवल्याचं कळण्याच्या आधीच मशिनच्या गोधड्या खोक्यांत भरून झाल्या होत्या.

चार

झिंजच्या दुकानात सामान आवरणं चाललं होतं. शोकेस उघडी, भिंतींवर खिळे. मयुरेश काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होता. पुण्याचा हा तरुण इंजिनियर नोकरी सांभाळून ओंजळची वेबसाइट चालवायचा आणि तिच्यासाठी फोटो काढायचा.

"फोटो माझे असतात, बरोबर आहे," जमालुद्दीननी दाखवलेली प्रत बघून तो म्हणाला. "पण हा माझा नाही. ऑगस्टच्या दहा तारखेपासून सत्तावीस सप्टेंबरपर्यंत मी पुण्यात होतो. आईचं कंबरेचं ऑपरेशन होतं. पासपोर्टवर शिक्के आहेत, हवे तर दाखवतो. आणि खरं सांगू का काका, फ्रेम फार वाईट आहे. अर्धी खिडकी आलीय. मी असा काढला नसता."

जमालुद्दीन खिळे मोजत असल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. शेवटी मयुरेशच म्हणाला, "हे बघा, झालं ते वाईट झालं. पण प्रॅक्टिकली आम्ही सुटलो. संस्थेच्या नियमात एक कलम आहे. दुकान बंद करायचं, तर कारागिरांना वर्षभर आधी कळवायचं आणि ते वर्षभर पूर्ण काम द्यायचं. इरावतीला जूनमध्येच बंद करायचं होतं. वकिलाने सांगितलं, अपवाद एकच. कारागिराने लहान मुलांना राबवलं तर त्याच दिवशी सगळं तोडता येतं."

"जूनमध्ये का बंद करायचं होतं?"

"कुठल्याशा हॉटेलची मोठी ऑर्डर येत होती. हाताने शिवून वेळेत झाली नसती आणि शिक्का असताना मशिनचा माल विकता येत नाही." आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने वायरी पुन्हा गुंडाळायला घेतल्या.

तेवढ्यात आतून इरावतीबाई आल्या. पन्नाशीच्या, खादीचा कुर्ता, केस पांढरे होऊ दिलेले. त्यांनी जमालुद्दीनना खुर्ची दिली, स्वतः पाणी आणलं.

"मुकादमसाहेब, मला झोप लागत नाही हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "तेजस्वीचं कळलं. काय करणार आपण? आई तशी निघाली. आबिदाला म्हणावं, तू काळजी करू नकोस. तिचा व्हिसा मी नव्या कंपनीवर घेतेय. फक्त हे उकरून काढणं आता थांबवा. तिच्याच भल्यासाठी सांगतेय."

बाहेर पडताना जमालुद्दीनना कोण ते समजलं होतं. कसं, ते समजलं नव्हतं. दुपारी आबिदा मागच्या खोलीत असताना एका मुलीला परकर नेसवून फोटो काढायचा, आणि आबिदाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे कसं जमवलं? आणि मुलगी कुठून आणली?

पाच

घरी आल्यावर त्यांनी फोटो पुन्हा काढला. बत्तीस वर्षं त्यांनी खोक्यांकडे बघितलं होतं, तसं ते आता त्या मुलीकडे बघू लागले. वर काय लिहिलंय ते सोडून द्यायचं, आत काय आहे ते बघायचं.

मांडी घातल्यामुळे परकराखालून एक पाऊल बाहेर आलं होतं. तळवा स्वच्छ होता. गावात उनाडणाऱ्या पोरीचा तळवा असा नसतो. आणि घोट्याच्या वर, पोटरीवर, चारी बाजूंनी एक वळ उठला होता. दोरी बांधल्यासारखा, पण रुंद.

तो त्यांनी ओळखला. दिवसभर घट्ट इलॅस्टिकचे मोजे घातले की पायावर असा वळ उठतो. मोजे काढल्यावर पाव-अर्ध्या तासात तो जातो. म्हणजे ही मुलगी नुकतीच शाळेतून आली होती. बसमधून उतरली, मोजे काढले आणि बसली.

ओंजळच्या दारात शाळेच्या बसमधून उतरणारी मुलगी एकच होती.

त्यांनी आबिदाला फोन लावला आणि आवाज नेहमीसारखा ठेवून विचारलं, "सप्टेंबरात दुपारी तू दुकान सोडून कधी गेली होतीस?"

"नाय. हां, एकदा. माझं सीपीआरचं ओळखपत्र संपत आलं होतं. बाई म्हणाल्या, आजच जा रिन्यू करायला, मी बसते दुकानात. मला वाटलं, किती काळजी घेतात. पावती हाय माझ्याकडं. सोळा तारीख."

"लाईबा?"

"ती दुकानातच होती की. बाई म्हणाल्या, राहू दे, मी बघते तिला."

जमालुद्दीन त्याच संध्याकाळी आबिदाच्या घरी गेले. लाईबा जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. अकरा वर्षांची, आईसारखी रुंद कपाळाची. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर इंग्रजीत यायचं. त्यांनी फोटो दाखवला नाही. फक्त विचारलं, "बेटा, इरावती आंटीने तुला कधी लाँग स्कर्ट घालायला दिला होता?"

लाईबाने आईकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "इट वॉज अ सीक्रेट, नाना. फॉर मम्मा. शी सेड दे आर मेकिंग अ कॅलेंडर."

"मोजे कुणी काढायला सांगितले?"

"आंटी. शी सेड व्हिलेज गर्ल्स डोन्ट वेअर सॉक्स." तिने पेन्सिल खाली ठेवली. "कॅलेंडर आलं का?"

तेवढे तीनच शब्द ती मराठीत बोलली. आबिदा उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ वाहत राहिला.

सहा

झल्लाकच्या रिसॉर्टच्या लॉबीत समुद्राकडे तोंड करून सोफे मांडले होते. प्रत्येक सोफ्याच्या पाठीवर पालेकोंडच्या नक्षीची एक मशिनची गोधडी घडी करून टाकलेली होती. दुपारचे चार वाजले होते. इरावतीबाई कुणाशी तरी पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होत्या. जमालुद्दीनना बघून त्यांनी त्या माणसाला जायला सांगितलं.

जमालुद्दीननी घाई केली नाही. बंदरात एखाद्या खोक्याबद्दल सांगावं तसं त्यांनी एकेक सांगितलं. मिटलेला मधला चौकोन. ऑगस्टनंतरची तिरकी पट्टी, म्हणजे फोटो बहारीनमधला. पायावरचा वळ, म्हणजे शाळेचा दिवस, दुपार. त्या वेळी मयुरेश पुण्यात आणि इमाद व्हॅनवर. आबिदाला बाहेर पाठवल्याची सोळा तारखेची पावती. चार सप्टेंबरला बांधलेली चाळीस खोकी. आणि शेवटी लाईबा.

इरावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"चेहरा दिसणार नाही याची मी काळजी घेतली होती," त्या म्हणाल्या. "लाईबाला त्रास होऊ नये म्हणूनच."

"आणि तेजस्वीला?"

"ते लोक एवढं करतील असं मला वाटलं नव्हतं. एक पत्र, एक ताकीद, संबंध संपले. एवढंच व्हायला हवं होतं." त्यांनी सोफ्यावरच्या गोधडीची घडी सारखी केली. "आठ वर्षं मी त्या बायकांना पोसलं, मुकादमसाहेब. माझं घर, माझी तब्येत गेली त्यात. आणखी एक वर्ष माझ्याच्याने होत नव्हतं. कुणीतरी वाईट ठरल्याशिवाय मला सुटता येत नव्हतं."

"तर तुम्ही त्यांना वाईट ठरवलंत."

"तुम्ही आता संस्थेला कळवणार. कळवा." त्यांचा आवाज शांत होता. "पण नीट विचार करा. फोटोतली मुलगी कोण? आबिदाची. ती रोज दुपारी कामाच्या जागी कुणी आणून बसवली? आबिदाने. मी म्हणेन, मुलगी आईला मदत करायची, मी एकदा सहज फोटो काढला, तो कुणी चोरला मला ठाऊक नाही. लाईबाला चार अनोळखी माणसं विचारतील, तू काय काय शिवायचीस? ती मुलगी घाबरून काय सांगेल? आणि आबिदाचा व्हिसा अजून बदललेला नाही. महिनाअखेरीस संपतोय."

मागे काचेपलीकडे एक कर्मचारी वाळू सपाट करत होता. जमालुद्दीन उठले. निघताना इरावतीबाईंनी त्यांना विचारलं, टॅक्सी बोलवू का.

सात

त्यांनी आबिदाला सगळं सांगितलं, धमकीसकट. सल्ला दिला नाही. ती रात्रभर जागी होती की नाही, त्यांना ठाऊक नाही. सकाळी ती त्यांच्या दारात उभी होती. हातात सीपीआरची पावती आणि लाईबाचं शाळेचं ओळखपत्र.

"लिहा, मामू," ती म्हणाली. "माझं नाव घालून लिहा. स्मिताची पोरगी सतरा दिवस राहिली त्या बालगृहात. मी इथं व्हिसा सांभाळत बसू?"

संस्थेचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. तीन ओळी होत्या. ओंजळ आता संस्थेची सभासद नाही, त्यामुळे तक्रारीची फाइल बंद झाली आहे, ती पुन्हा उघडता येत नाही, आपण दिलेल्या माहितीबद्दल आभार. तोवर आबिदाचा व्हिसा संपला होता. इरावतीबाईंना कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात आबिदा लाईबाला घेऊन पालेकोंडला परतली. तालुक्याच्या साहेबांनी मात्र तिचा अर्ज घेतला. खात्री करायची म्हणून त्यांनी लाईबाला शाळेच्या पडवीत बोलावलं. परकर कुठून तरी आणवला. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं, मांडीवर गोधडी ठेवली. फरक टिपायला हवा म्हणून शेजारी तेजस्वीलाही बसवलं. दोघी अकरा वर्षांच्या. पाऊण तास त्या तशाच बसून होत्या. मागे साहेब फोटो आणि पाठी ताडून बघत होते. लाईबाचे खांदे हलायला लागले तेव्हा बाईंनी तिला सांगितलं, "रडू नकोस, हलल्यावर कळत नाही."

तेजस्वीने मान न वळवता हात पुढे केला आणि लाईबाच्या परकराचं टोक धरून ठेवलं.

तेजस्वीचं नाव कागदातून काढलं. गटावरचा ठपका पुसला. आबिदाच्या आईकडे पुन्हा दूध येऊ लागलं. लाईबाने त्यानंतर शाळेच्या पडवीत जायला नकार दिला. ती घरातच असते. आता मराठीत बोलते, पण फार थोडं.

जमालुद्दीन एवढ्यावर थांबले नाहीत. इमादला बरोबर घेऊन ते मनामातली दुकानं फिरले. बहुतेकांनी पालेकोंडचं नाव ऐकून हात वर केले. फेब्रुवारीच्या शेवटी एका बाईंनी होकार दिला. त्याच दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, त्यांनी स्मिताला फोन लावला.

"दहा गोधड्या, स्मिता. नमुन्याला. आवडल्या तर कायमचं काम. बाई सरळ आहे, मी स्वतः बोललोय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"भाऊ, आता नाय व्हायचं," ती म्हणाली.

"का? नाव तर साफ झालं."

"नाव झाला. पण घर चालवायला सगळ्या बायका काजूच्या कारखान्यात जातात, दिवाळीपासून. सोलायला. काजूच्या चिकानं बोटांची कातडी गेली सगळ्यांची. परवा मी सुई धरून बघितली. धरली की सुटली, ते कळतच नाय."

"तेजस्वी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. केस वाढले." मग स्मिता म्हणाली, "शनिवार-रविवार ती पण येते माझ्याबरोबर सोलायला. तिथं वय कोण विचारत नाय."